मोरांनी विस्कटलेलं गवत

मोर पार्किंगमध्ये आले तेव्हाच सुगराबीनं ओळखलं, आज काहीतरी बिनसलंय.

धायरीतल्या त्या सोसायटीच्या मागेच टेकडी. मोर रोज ओरडायचे, पण खाली कधी उतरले नव्हते. आज मात्र स्कूटरींच्या मधे उभे होते, माणसांकडे पाठ करून, आणि एकही ओरडत नव्हता. वर आभाळ गडगडत होतं. पाऊस म्हणाल तर नावालाही नाही. हवा इतकी कोरडी, की पदर सावरला तरी चटचट आवाज यायचा.

"मेंटेनन्स भरणार आहेत का हे?" तळमजल्यावरच्या तात्यारावांनी विचारलं. 

अंधार पडला तरी सुगराबीचे यजमान रज्जाक अजून टेकडीवरच होते. बुधवार पेठेतलं घड्याळदुरुस्तीचं दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून त्यांनी पायवाटेच्या कडेनं थेट माथ्यापर्यंत रोपांची ओळ लावली होती. वणव्याच्या भीतीनं उतारावरचं वाळलेलं गवत कापलं गेलं, तर या गृहस्थांनी त्यातलेच भारे उचलून प्रत्येक रोपाच्या आळ्यात पसरले. ओल टिकते म्हणे! मोर किडे शोधताना ते गवत उधळून टाकायचे. मग रज्जाक रोज संध्याकाळी, मोरांना शिव्या घालत, खालून वर एकेक आळं पुन्हा भरत जायचे. फोन मात्र घरी. "तिथं कुणाशी बोलायचंय मला?"

वीज पलीकडच्या डोंगरावर पडली. सोसायटीतले दिवे गेले. तिकडचं गवत भडकलं आणि वाऱ्यानं ठिणग्या इकडे आणल्या.

काळ्या उतारावर एका आळ्यातल्या गवताचा गोल पेटला. मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. आवाज नाही, काही नाही. कुणीतरी सावकाश दिवे लावत वर चालल्यासारखं ते दिसत होतं. सुगराबी गच्चीवर आली होती; कठड्याला धरून बघत राहिली.

आणि मधेच ओळ थांबली. पुढचं आळं पेटलं नाही. त्याच्या पुढचंही नाही. वर माथ्यापर्यंत नुसता अंधार.

'आमचे हे पुढचं गवत काढून टाकताहेत,' तिला आधी वाटलं, आणि जीव भांड्यात पडला. दुसऱ्याच क्षणी ती चपापली. काढतील कसे? हे तर खालून भरत जातात. जिथवर भरलं तिथवर पेटलं. म्हणजे तिथं त्यांचा हात थांबला. का थांबला?

ती जिना उतरून धावली. अग्निशमन दलाची गाडी फाटकात शिरत होती. यजमान वर अडकल्याचं तिनं ओरडून सांगितलं. "एवढ्या टेकडीवर शोधायचं कुठे, आजी?" एका जवानानं विचारलं.

"जिथं अंधार सुरू होतो ना, तिथं बघा," ती म्हणाली. "लवकर जा रे बाबांनो."

तिथंच सापडले ते. पुढचं आळं भरायला वाकताना पाय घसरून घोटा मोडला होता, आणि ते त्याच आळ्यात पडले होते. त्यात काडीसुद्धा नव्हती. मोरांनी सगळं गवत उधळलं होतं. चेहरा काजळला होता, खोकला थांबत नव्हता, पण माणूस जिवंत होता.

स्ट्रेचर पार्किंगमधून निघालं तेव्हा मोर बाजूला सरले. रज्जाकांनी त्यांना पाहिलं आणि सवयीनं शिवी द्यायला तोंड उघडलं. शिवी काही फुटेना. सुगराबीचा हात घट्ट धरून ते लहान मुलासारखे रडायला लागले.