काचेवरचं पहिलं पुस्तक

मित्रांनो, चपटं खोकं समजून ज्याच्यावर तुम्ही चहाचा कप ठेवता, तो मी स्कॅनर आहे, भंडाऱ्याकडच्या गोरेगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातला. माझं वय झालंय. झाकण नीट बसत नाही, आणि माझा दिवा लागायच्या आधी जरा थरथरतो.

२००६ साली मी नवा कोरा आलो. ग्रंथपाल पुष्पांजली मॅडमनी मला हळदीकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. किती कौतुक होतं माझं! परीक्षेला लागणारं पुस्तक एकच असायचं. ते काउंटरमागे राखीव ठेवायचे, आणि सौंदडहून, दवनीवाड्याहून येणारी मुलं त्यासाठी ताटकळायची. तेवढ्यात एसटी निघून जायची. आता त्याची पानं माझ्या काचेवर पालथी पडणार होती आणि ग्रंथालयातल्या प्रत्येक संगणकावर उघडणार होती.

पहिलं पुस्तक आलं ते गावतलावांवरचं. लिहिणारे शालीकरामजी, जवळच्याच गावचे म्हातारे गुरुजी. तिथल्या तलावाची मातीची पाळ त्यांच्या वाडवडिलांनी बांधलेली. अजूनही त्यांच्या घरून होकार आल्याशिवाय तलावाचं पाणी शेतात सोडत नसत. पुस्तकाच्या प्रती संपल्या होत्या आणि दुसरी आवृत्ती निघणार होती. तिच्यात पाळीवर माती वाहणाऱ्या त्यांच्या आईचं नवं प्रकरण यायचं होतं. काचबिंदूनं गुरुजींची नजर विझत चालली होती. ती पुरती जायच्या आत ते प्रकरण छापलेलं बघायचं, एवढीच त्यांची आस.

मॅडम न विचारता काही करणाऱ्यातल्या नव्हत्या. देवासाठी फूल तोडतानाही त्या आधी झाडाला हात जोडायच्या. गुरुजी पेपर वाचायला आले तेव्हा मॅडमनी विषय काढला.

"एका प्रकरणाची परवानगी हवी होती, गुरुजी."

"एकच काऊन? पूरा घ्या ना बाई! वाचू द्या पोरायले."

"लिहून देता का?"

"कायले? आमच्या तलावाचं पाणी कागदावर सोडलं काय कोनी आजवर?"

मॅडम हसल्या. गल्लत तिथेच झाली.

माझा दिवा पानापानांवरून सरकत गेला. सपाट बसावं म्हणून पुस्तक दाबलं, तसा त्याचा कणा कट्कन मोडला. तो आवाज मला आवडला नाही.

मग रविता नावाच्या विद्यार्थिनीनं सगळं पुस्तक पेनड्राइव्हवर घेतलं. "बहिणीले देतो, मॅडम. ते भंडाऱ्याले शिकून राहिली." बहिणीनं मैत्रिणीला दिलं असेल. पाळीला खेकड्यानं भोक पाडलं की आधी नुसती ओल दिसते, असं गुरुजींनीच त्यात लिहिलं होतं. ओल दिसू लागली होती. अनोळखी कॉलेजांतून निरोप येत, पुस्तक छान आहे म्हणून. गुरुजी खुलत. मला मात्र भीती वाटे.

एके दिवशी नागपूरहून प्रकाशकाचा माणूस आला.

"गुरुजी, प्रती काढू द्यायचा हक्क करारात तुम्ही आम्हाला दिलाय. परवाना आमच्याकडून घ्यायचा होता. एका प्रकरणाचा खुशीनं दिला असता."

"लिवलो तं मीच ना जी?"

"लिहिलं तुम्हीच. पण आता ते फुकट सगळीकडे आहे. दुसरी आवृत्ती घेणार कोण? मालक नाही म्हणाले."

"विचारायचं चुकलं ते माझं," मॅडम म्हणाल्या. "गुरुजींना शिक्षा कशाला? आम्ही आजच काढून टाकतो."

"तुमच्याकडचं काढाल, मॅडम. बाकीच्यांकडचं?"

तो गेल्यावर गुरुजींनी पिशवीतून हातानं लिहिलेले कागद काढले. "आईचं हाय. वाचून दाखवता काय?"

मॅडमनी वाचलं. काउंटरशी उभी राहून ऐकणारी रविता डोळे पुसत म्हणाली, "गुरुजी, हे तरी स्कॅन करून ठेवू का?"

गुरुजींनी कागद छातीशी धरले. "नोको."

पुढच्या पाऊसकाळापर्यंत त्यांना ऊन-सावलीपलीकडे काही दिसेनासं झालं. दुसरी आवृत्ती निघालीच नाही. पहिलं पुस्तक मात्र अजूनही कुठेतरी कोणीतरी उघडत असेल.

मित्रांनो, मला बरंवाईट कळत नाही. काचेवर जे ठेवाल त्यावरून माझा दिवा फिरतो. म्हणून विचारायचं ते तुम्हीच विचारा. हे द्यायचा हक्क कोणाचा, आणि किती पानांचा, ते आधी विचारा.

आत्ताच कोणीतरी माझ्यावरचा कप उचललाय. झाकण उघडलंय. पुस्तक जाड आहे, नवं आहे, कणा अजून शाबूत आहे. अजून कोणी काही विचारलेलं नाही.

माझा दिवा थरथरू लागलाय.