साईनाथचा रुमाल

आमच्या ठाकुर्लीच्या घरात दार लागणारी खोली एकच, आणि ती माझ्या नवऱ्याच्या ऑफिसला दिलेली आहे. संदेश घरून करतो ते ऑफिस. मी घरून करते ते 'लॅपटॉप घेऊन बसणं'. त्याची मीटिंग असली की सासूबाई कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करतात. डाळ कच्ची राहते आणि ती आम्ही सगळे मुकाट्याने खातो. माझी मीटिंग असली की त्या मला जरा पलीकडे सरकायला सांगतात, कारण स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांना लसूण सोलायचा असतो.

टीम लीडच्या मुलाखतीची पहिली फेरी मी त्याच टेबलावरून दिली. ऐन वेळी कुकरने शिट्ट्यांवर शिट्ट्या मारल्या. बंगळूरहून बोलणारी बाई गोड हसून म्हणाली, "अक्षदा, शेवटची फेरी शुक्रवारी चारला. या वेळी शांत जागेत बसा हं." गोड हसणं मला कळतं. ही संधी हुकली तर मी ज्यांना हाताला धरून काम शिकवलं, त्यांच्यातलाच एक पोरगा उद्या माझा साहेब होणार होता. मला ती जागा हवी होती. म्हणून मी आधी भाड्याने बसायला जागा शोधायला निघाले.

पहिली सापडली ठाण्यात, घोडबंदर रोडला, काचेच्या इमारतीत. भिंतीवर निळ्या दिव्यांनी 'मोठी स्वप्नं बघा' असं लिहिलेलं आणि त्याच्याखाली दोन बाप्ये बीनबॅगवर घोरत स्वप्नं बघत होते. सान्वी नावाची मुलगी माझं स्वागत करायला आली. ती म्हणे तिथली कम्युनिटी मॅनेजर. नवीन आलेल्याने दारातली घंटा वाजवायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी तिथली रीत. देवळातसुद्धा घंटा वाजवल्यावर माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. खुर्च्या इतक्या उंच की माझे पाय लोंबकळायला लागले.

"फोनवर बोलायला शांत खोली आहे का?" मी विचारलं.

"आहे ना मॅम! पण ती मेडिटेशनसाठी आहे. बोलायचं इथेच, सगळ्यांसोबत. एनर्जी मिळते."

माझ्याकडे एनर्जी भरपूर होती, दार नव्हतं. मी खाली उतरले.

दुसरी नौपाड्यात. बाहेर पाटी 'वर्क स्टेशन', आत चक्क स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. प्रत्येक टेबलाला प्लायवूडचा आडोसा आणि प्रत्येक आडोशावर 'बोलू नये'. मी मेल लिहायला घेतला, तर पुढच्या मुलाने मान वळवली. "ताई, बटणं हळू दाबा ना." निदान तिथे लोक खरोखर काम करत होते, एवढं म्हणते. पण मुलाखत काही मुक्याने देता येत नाही.

तिसरी डोंबिवलीत, हितेशची. त्याचे वडील राघोशेठ. त्यांच्या भातशेतीवर इमारती उठल्या, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी लग्नाचा हॉल बांधला. मुहूर्त नसतील तेव्हा हॉल रिकामा, म्हणून हितेशने टेबलं मांडून 'बिझनेस हब' केला. स्टेज तसाच. स्टेजवरच्या नवरा-नवरीच्या दोन सोनेरी खुर्च्या म्हणजे प्रीमियम सीट. तिथे एक विमा एजंट राजासारखा बसून हप्ते भरायला सांगत होता. मी हसत सुटले असते, पण स्टेजच्या बाजूला मला एक खोली दिसली. दारावर अजून 'वधूपक्ष' लिहिलेलं. आत एक टेबल, एक खुर्ची, आणि दार लागत होतं! मी तिथल्या तिथे हितेशच्या ॲपवर शुक्रवारची दुपार बुक केली.

शुक्रवारी चांगली तासभर आधी पोचले. खोलीत कोणी नव्हतं. खुर्चीवर मात्र निळ्या चौकड्यांचा एक रुमाल पसरलेला.

लोकलगाडीत लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, हे मी लग्न होऊन इकडे आल्यापासून बघते आहे. हॉलभर नजर टाकली तेव्हा कळलं की सगळा बिझनेस हबच तसा चालतो. या खुर्चीवर रुमाल, त्या खुर्चीवर डब्याची पिशवी, तिसरीवर नुसतीच टोपी. या मंडळींची गाडी सुटली, नोकरी घरी आली, पण खोड काही गेली नाही. मी रुमाल उचलला आणि बसले.

तेवढ्यात रुमालाचा मालक चहा घेऊन आला. साईनाथ, शेअरची खरेदी-विक्री करणारा. "मॅडम, रुमाल दिसला नाही का?"

"मी बुक केलीय खोली. ॲपवर."

"ते असेल हो. पण रुमाल सकाळपासून आहे."

"दादांचाच आहे तो," बाहेरून दोघे-तिघे ओरडले. विमावाला तर सिंहासनावरून उठून साक्ष द्यायला आला. मी हितेशला बोलावलं.

"काय झाला मॅडम?" त्याने ॲप पाहिलं, मग माझ्या हातातल्या रुमालाकडे पाहिलं. "ॲप बराबर हाय. पन दादांनी रुमाल टाकलाय ना."

म्हणजे ज्याने ॲप बनवून घेतलं, त्याचाही विश्वास रुमालावर! मला रडू येत होतं आणि त्या विमावाल्यासमोर मी रडणार नव्हते. तावातावाने बाहेर पडले, रिक्षा पकडली आणि नव्वद फुटी रस्त्याला लागल्यावर लक्षात आलं की साईनाथचा रुमाल माझ्या मुठीतच आहे.

दार उघडणाऱ्या सासूबाईंच्या ओठांवर बोट. "शू. संदेशची मीटिंग चाललीय. महत्त्वाची आहे."

"माझीही आहे," मी म्हणाले आणि खोलीचं दार ढकललं.

संदेश पलंगावर उताणा पडून घोरत होता. टेबलावर लॅपटॉप चालू, त्यावर तो हजर असल्याचा हिरवा ठिपका. माऊस एका छोट्या फिरत्या यंत्रावर ठेवलेला. ठिपका विझू नये म्हणून ते आपलं इमानेइतबारे गरगरत होतं. मागे सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी लेकाकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं. इतकी वर्षं कच्ची डाळ त्यांनीही खाल्ली होती.

मी त्याला हलवून उठवलं, लॅपटॉप आणि यंत्र त्याच्या हातात दिलं आणि बाहेर काढलं. "अगं, माझा कॉल..." तो म्हणत होता तोवर मी कडी घातली. मुलाखत झाली. बाईंनी विचारलं, ही जागा कायमची आहे का? मी हो म्हणाले.

संध्याकाळी उठताना मी खुर्चीवर निळ्या चौकड्यांचा रुमाल पसरला.

सकाळी संदेश लॅपटॉप घेऊन खोलीत आला आणि रुमाल बघून थबकला. हात पुढे केला, मग मागे घेतला. डोंबिवलीत जन्मलेला माणूस, त्याच्याच्याने ते होणं शक्यच नव्हतं. तो गुपचूप स्वयंपाकघरात जाऊन लसणाशेजारी बसला. थोड्या वेळाने कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली. सासूबाई गॅसजवळच उभ्या होत्या.