नळाखालचा खेकडा

मिरी होती चौथीतलं एवढंसं प्रकरण, पण एकदा झोंबली की भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी आणायची. म्हणून तर मामानं तिला मिरी नाव ठेवलं होतं. हा मामा आईचा धाकटा भाऊ. तो यांच्याच घरात वरच्या खोलीत राहायचा आणि पाळायचे मासे नि पक्षी विकणाऱ्या एका दुकानाची गाडी चालवायचा. मिरीचं त्याच्यावाचून पान हलत नसे. आईबाबा दिवसभर कामावर, त्यामुळे दात पडला तरी मामाला दाखवायचा आणि भांडण झालं तरी मामालाच सांगायचं.

शाळेत बाईंनी नैसर्गिक अधिवासाचा प्रकल्प दिला. घराजवळची एक जागा निवडायची, तिथं कोण राहतं, काय खातं, तिथंच का राहतं हे रोज बघायचं आणि तक्त्यावर मांडायचं. "पुस्तकातून उतरवलेलं मला लगेच कळतं हं," असा दमही त्यांनी भरला होता. मिरीनं मागच्या अंगणातला गळका नळ निवडला. त्याच्याखाली फुटक्या विटा, शेवाळ आणि कायमची ओल. दुसरं होतं काय तिच्याजवळ? मामाच्या त्या दुकानाच्या मालकाचा मुलगा तिच्याच वर्गात होता, त्याच्या बंगल्यामागं तळं होतं आणि तळ्यात बदकं. इथं विटा उचलल्या तर मुंग्या, एखादं गांडूळ आणि हात लावला की गोळी होऊन बसणारे ते राखाडी किडे. संपलं!

"माझ्या अधिवासात कुणी राहायलाच तयार नाही," ती मामाजवळ रडकुंडीला आली.

"अगं, भाडं जास्त सांगितलं असशील," मामा म्हणाला. पण तिचा उतरलेला चेहरा पाहून रोज संध्याकाळी तिच्याबरोबर विटांपाशी उकिडवा बसू लागला.

आणि काय गंमत, अधिवासाला बरकत आली! आधी शंखाची टपोरी गोगलगाय आली. मग एक इवलासा हिरवा बेडूक. मिरी नाचायचीच बाकी राहिली. आणि एका संध्याकाळी तर विटेच्या फटीतून लाल नांग्यांचा खेकडा बाहेर आला आणि ऐटीत तिरका चालत नळाखाली जाऊन बसला. मिरीनं मामाचा दंड इतका घट्ट धरला की तो कळवळला.

"मामा, तू पण बघितलास ना?"

"बघितला म्हणजे काय! साक्षीदार आहे मी," मामा छातीवर हात मारून म्हणाला. त्या रात्री मिरीनं तक्त्याच्या मधोमध खेकडा काढला आणि नांग्या रंगवून रंगवून लाल खडू संपवला.

प्रदर्शनाच्या दिवशी वर्ग पालकांनी भरला होता. आईबाबांना सुट्टी मिळेना, म्हणून मामा आला होता. बाई एकेक तक्ता बघत आल्या आणि मिरीच्या तक्त्यापाशी थबकल्या.

"हा खेकडा कुठला गं?"

"आमच्या नळाखालचा."

"असला खेकडा खाऱ्या दलदलीत राहतो, बाळा. नळाखाली कसा येईल? चित्रात बघून काढलास ना?"

"नाही बाई, खरंच होता! चालत आला!"

दोन मुलं फिदीफिदी हसली. बाईंचा आवाज खाली आला, पण धार वाढली. "मुंग्या आणि गांडूळ एवढंच लिहिलं असतंस तरी मला आवडलं असतं. खोटं कशाला लिहायचं?"

मिरीचे कान तापले. खोटं? ती? पण तिला भीती नव्हती, कारण तिचा साक्षीदार दारातच उभा होता. तिनं धावत जाऊन मामाचा हात धरला आणि त्याला ओढत तक्त्यापुढं आणलं. "मामा, सांग ना बाईंना! तू होतास ना तिथं?"

मामानं बाईंकडं पाहिलं. मग पलीकडं पाहिलं. तिथं मुलाच्या बदकांच्या तक्त्याशेजारी दुकानाचा मालक उभा होता आणि मान वाकडी करून मिरीच्या लाल नांग्यांकडं टक लावून बघत होता. मामाचा चेहरा एकदम पडला. मग तो हसला, अगदी मोठ्यांनी मोठ्यांसाठी हसावं तसा.

"काय आहे बाई, आमच्या मिरीची कल्पनाशक्ती जरा जोरात पळते. मी काही खेकडा-बिकडा पाहिला नाही बुवा."

अख्खा वर्ग हसला. मिरी हसणाऱ्यांकडं बघतच नव्हती. ती मामाच्या तोंडाकडं बघत होती, की आता डोळा मारेल, आता म्हणेल, 'गंमत केली गं!' त्यानं डोळा मारला नाही. उलट तिच्या बोटांतून हात सोडवून घेतला.

घरी परत जाताना दुकानाच्या गाडीत ती मागच्या सामानाकडं तोंड करून बसली होती. तिथं ओल्या वाळूनं भरलेली प्लास्टिकची बरणी होती आणि बरणीत तशीच एक टपोरी गोगलगाय. बरणीवर दुकानाचं नाव होतं.

"तू आणून ठेवत होतास."

मामा म्हणाला, "तू रडत होतीस ना गं. तुझ्यासाठीच केलं सगळं."

"मग बाईंना सांग."

"मालकाला न विचारता उचलला होता तो खेकडा. कळलं तर नोकरी जाईल माझी. तू लहान आहेस, मिरे. लहान मुलांचं कोण मनावर घेतं? चार दिवसांत विसरतील सगळे."

पण बाई विसरल्या नव्हत्या. त्यांनी संध्याकाळी आईला फोन केला. जेवायला बसल्यावर आईनं मिरीला फैलावर घेतलं. "खोटं बोललीस ते बोललीस, वर मामाला मध्ये ओढलंस? लाज नाही वाटली?"

"आई, मामानंच खेकडा आणून ठेवला होता! दुकानातून!"

"आता त्याच्यावर ढकल! म्हणजे एक खोटं लपवायला दुसरं!"

मिरीनं मामाकडं पाहिलं. अजूनही एक शब्द पुरला असता. मामानं घास गिळला, पाणी प्यायला आणि आईच्या हातावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे ना ताई. लेकरू आहे. मी केलं तिला माफ."

मिरी ताटावरून उठली. तिला कुणी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती एकटीच मागच्या अंगणात गेली. बेडूक कुठं दिसत नव्हता, खेकडाही नव्हता. तिला शोधायचेही नव्हते. ती नुसती पायरीवर बसून राहिली. इतक्यात भिंतीवरून एक इवलासा पक्षी उतरला. पिवळं पोट, काळी टोपी, असा तिनं कधीच पाहिला नव्हता. तो नळाच्या तोंडाला उलटा लटकला आणि थेंब पडायच्या आत चोचीत धरून प्यायला. मग पुन्हा एक. तिच्यापासून हातभर अंतरावर.

हाही दुकानातलाच असणार! मिरी पायरीवरून उठली आणि पक्ष्याकडं पाठ करून वर मामाच्या खिडकीकडं बघू लागली.