एकोप्याला दहापैकी दहा

मी एक जुना पॅड आहे. वर पत्र्याचा चिमटा, खाली पुठ्ठा. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या दुकानात पडून होतो, तेव्हा वाटायचं, एखादी पोरगी मला परीक्षेला नेईल. कुठलं काय! मला घेतलं विक्रांतने.

मित्रांनो, हा विक्रांत अंबरनाथ पश्चिमेला राहतो आणि खेड्यातली माणसं एकमेकांना किती धरून आहेत, ते गुण देऊन मोजतो. 'शाश्वत ग्रामविकासाची सामाजिक बाजू' असं त्याच्या फॉर्मवर छापलेलं असतं. पाच वर्षं मी ते फॉर्म छातीशी धरले. कौतुक त्याचं झालं. मी वारा घ्यायला, नाहीतर धुळीच्या ओट्यावर बुडाखाली घ्यायला.

गेल्या वैशाखात आम्ही बारवीच्या बाजूला एका डोंगरपाड्यावर गेलो. ज्या पाड्याला गुण सर्वांत कमी, त्याला रस्ता आधी, असं ठरलं होतं. तिथल्या विठाची सून सोनी पोटुशी होती. विठाचा सगळा जीव त्या रस्त्यात अडकलेला.

"अडचणीला शेजारी धावून येतात का?" विक्रांतने विचारलं.

"येतान ना. बाई अडली का चार घरचे बाप्ये झोळी करतान, खांद्यावरून सडकंपर्यंत नेतान. तीन तास लागतान."

"छान. एकोप्याला दहापैकी दहा."

"आवो, रस्ता नाय म्हणून नेतान."

"मावशी, रस्त्याचा कॉलम वेगळा आहे."

शिकलेला गाढव मेला! त्या दहा गुणांनी पाडा सगळ्यांच्या वर गेला. रस्ता दुसरीकडे गेला आणि पाड्याला एकोप्याबद्दल शाल-श्रीफळ जाहीर झालं.

भाद्रपदात बदलापूरच्या हॉलमध्ये सत्कार होता. मला काखेत मारून विक्रांतने विठाला फोन लावला. "मावशी, कुठे आहात? फोटोला चार पुरुष तरी आणा."

तिला धाप लागली होती. "चारी बाप्ये झोळीला हायेत, साहेब. पोर वाटंतच गेलं. सोनीला तरी सडकंला पोचवताव."

विक्रांतने फोन खिशात टाकला आणि मला काखेतून काढलं. मग माझ्यावरच्या हजेरीच्या कागदावर त्याने पाड्यापुढे लिहिलं, 'गैरहजर'.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. खुशाल चुलीत घाला. पण कुणाच्या दारात मोजायला गेलात, तर पेन खिशात ठेवा आणि ती बाई काय सांगतेय ते आधी ऐकून घ्या.