बिराप्पाच्या बापाची हाक

फोन गुरुवारी यायचा. दुपारी, बूथवर गर्दी नसताना.

आमचा एसटीडी बूथ सांगलीच्या स्टँडजवळ. पिवळा बोर्ड, काचेची केबिन, आत पंखा आणि लाल आकडे पळवणारं मीटर. केबिनमध्ये लोक रडायचे, खोटं बोलायचे, लग्नं ठरवायचे. मी बाहेर बसून बिलं फाडायचे.

हा सगळा मुकुलचा आराखडा. माझ्या नवऱ्यानं साखर कारखान्यातली नोकरी त्र्याण्णव साली सोडली आणि मला कागदावर एक गोल काढून दाखवला. अर्धा गोल घर, अर्धा गोल बाहेर. बाहेरच्या प्रत्येक खेपेला एक विद्या शिकायची, कुठल्याही कॉलेजात मिळत नाही अशी.

"धंदा असा पाहिजे, जो आपल्याशिवाय चालतो," तो म्हणाला.

"आपल्याशिवाय म्हणजे तुझ्याशिवाय," मी म्हणाले.

"तू आहेस म्हणून तर."

मी हसले होते. टोमणा नाही हा, खरंच हसले होते. नवरा खुशीत असला की घरातली भांडीसुद्धा कमी आपटतात. खरसुंडीच्या जत्रेत तो रुमालाखाली बोटं दाबून बैलाचा सौदा करायला शिकला. शिराळ्याला राहून मातीवरच्या रेघेवरून साप कुठला ते सांगायला शिकला. मग पुण्याला जाऊन व्याख्यानं द्यायचा, की नोकरीशिवाय असं जगता येतं. लोक तिकीट काढून ऐकायचे. त्याचा आवाजच तसा होता. पातळ, जरा घाईतला, आणि प्रत्येक वाक्य शेवटी वर उचललेलं, जणू तुम्हाला विचारतोय. माझं नावसुद्धा तो विचारल्यासारखं घ्यायचा. वल्लरी? आणि मी ओ द्यायचे.

पंच्याण्णवची दिवाळी झाली आणि तो माण तालुक्यात गेला, धनगरांच्या मेंढरांच्या मागं.


गुरुवार. दहिवडीहून.

"काय शिकलास?"

"चालायला. हसू नकोस. मेंढरांच्या वेगानं चालणं महाकठीण आहे. आपण सारखे पुढं जातो."

"जेवतोस का?"

"अंबूबाई घालतात. मी ज्याच्या कळपामागं आहे, त्या बिराप्पाची बायको. शिव्या आधी, भाकरी नंतर. आता कळप घेऊन खाली उतरायचं, कृष्णेच्या अंगाला. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, खत पडतं ना. बदल्यात धान्य देतात. बघ, याला म्हणतात धंदा. दुकान पायानं चालतं."


गुरुवार. कुठून ते त्यालाच नीट माहीत नव्हतं.

"प्रत्येक धनगराची हाक वेगळी असते, वल्लरी. दोन कळप मिसळले ना, तरी हाक दिली की आपापली मेंढरं बाजूला होतात. मला ती हाक पाहिजे. आणि बिराप्पा म्हणतो, ती सोडून काय पण माग."

"का?"

"ती त्याची नाही म्हणे. बापाची आहे. बाप रानात मेला, तेव्हा मेंढरं प्रेताभोवती बसली ती उठेनात. चाऱ्याला तोंड लावीनात. हा सोळा-सतरा वर्षांचा. यानं बापाच्या आवाजात हाक दिली, तेव्हा उठली. पण मग याचा स्वतःचा आवाज परत आलाच नाही. म्हणजे, तो म्हणतो. बापाचाच राहिला. आई होती तोवर, हा बोलायला लागला की ती डोक्यावर पदर घ्यायची."

तो हसत होता.

"पुण्यात ही गोष्ट सांगितली तर काय होईल सांग?"

"त्यानं नाही म्हटलंय ना तुला?"

"नाही म्हटलंय, म्हणून तर," मुकुल म्हणाला.


पुढचा गुरुवार. फक्त माझी बाजू लिहिते.

हॅलो.

कोण पाहिजे?

हो, मीच. आपण कोण?

हे बघा आजोबा, दुपारची वेळ आहे, मस्करी नको.

ठेवते मी.

काय म्हणालात?

परत म्हणा.

पलीकडचा म्हातारा म्हणत होता की आमच्या मोरीचा नळ नुसता फिरवून बंद होत नाही, जरा वर ओढून धरावा लागतो. मग त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. ती इथं लिहीत नाही. ती आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

जड, खोल आवाज. तंबाखूनं भिजलेला. मुकुल सुपारीसुद्धा खायचा नाही.

"काय झालंय तुम्हाला?" मी विचारलं.

तुम्हाला. चारचौघांत मी मुकुलला अहो-जाहो करायचे, पण फोनवर कधीच नाही. पदर खांद्यावरून थोडा वर आला होता. मी तो परत खाली ओढला.

झालं होतं ते एवढंच. बिराप्पा मीठ-मिरची आणायला गावात गेला होता. मुकुलनं हाक ऐकून ऐकून मनातल्या मनात बसवली होती. तो बांधावर चढला आणि एकदा मारून बघितली.

"समदी आली," तो म्हणाला. "एक मागं ऱ्हायलं न्हाई. लय गोड आली."

लय. न्हाई. हा माणूस घरी 'नाही' एवढं स्पष्ट म्हणायचा की मी चिडवायचे.

"आणि बिराप्पा?"

"परत आला, तोंड उघडलं, तर पोराचा आवाज. त्याचा सवताचा. आता मेंढरं त्याचं ऐकत न्हाईत. माझं ऐकत्यात."

"घरी ये."

"मेंढरं मागं येतील."

"मग शिकव कुणाला तरी. तुझं तेच तर काम."

"अंबूबाईच्या भावाला शिकवली. घसा सोलला त्याचा. एका मेंढरानं कान हलवला न्हाई."

मी फोन ठेवला तेव्हा मीटर शून्यावर होतं. फोन त्याच्याकडून आलेला, बिल माझ्याकडं कशाला येईल. तरी मी बराच वेळ त्या शून्याकडं बघत होते.


बूथला कुलूप लावलं. मला माझा नवरा परत पाहिजे होता, आवाजासकट. नुसता माणूस आणून घरात बसवायचा आणि त्यानं चहा मागितला की मी दचकायचं, असं नको होतं. तो विचारल्यासारखं नाव घेणारा पाहिजे होता. काय करता येईल याची मला काही कल्पना नव्हती. पण समोर उभी राहिले तर करता येईल असं वाटत होतं. बायकांना वाटतं तसं.

पॅसेंजरनं रहिमतपूर, फोन तिथूनच आला होता. स्टेशनबाहेर थोडं चाललं की ज्वारी, आणि ज्वारीच्या पलीकडं मोकळ्या रानात मेंढरं बसलेली. दुपारचं ऊन, वारा नाही. त्यांच्या मधोमध मुकुल, घोंगडं खांद्यावर. केस वाढले होते, बाकी तोच. मला बघून उठला. तोंडावर हात ठेवला.

"बोलायचं न्हाई म्हंतोय," माझ्या बाजूला कुणीतरी म्हणालं.

शाळेतल्या पोराचा आवाज, अजून नीट न फुटलेला. मी वळून खाली बघितलं. तिथं पोर नव्हतं. वर बघितलं तर पांढऱ्या मिश्यांचा, तांबड्या पटक्याचा म्हातारा उभा होता, आणि ते ओठ त्याचे हलत होते.

"आवं ताई, म्या सांगितलं व्हतं. काय पण माग, पर ही न्हाई. ऐकलं न्हाई."

"ऐकतो कशाला," चुलीपाशी बसलेली बाई म्हणाली. ती अंबूबाई. "शहाणा हाय त्यो. आता बसा म्हणावं." मग माझ्याकडं न बघता, "मी लगीन करून आले तवापासनं सासऱ्याच्या आवाजाशी संसार केला. नवऱ्याचा आवाज ह्या महिन्यात पयल्यांदा ऐकतीया. भांडायला तोंड उघडलं की लाज वाटती, दुसऱ्याच्या लेकराला बोलल्यागत."

बिराप्पा त्या कोवळ्या आवाजात हसला. ते हसू बघवत नव्हतं. ऐकवतही नव्हतं.

"परत घ्या ना तुम्ही," मी त्याला म्हणाले. "तुमचीच आहे."

"देता येत न्हाई, घेता येती फकस्त. मला आता ऐकूच येत न्हाई ती. त्यो हाक देतो, मेंढरं जात्यात, ते मला दिसतंय. ऐकू काय येत न्हाई."

"मग याचं काय?"

"कोन तरी घेईल कवा तरी. म्या चाळीस-पन्नास वरसं वाट बघितली," त्या म्हाताऱ्यातला पोरगा म्हणाला.

मी मेंढरांमधून वाट काढत मुकुलपाशी गेले नाही. तिथंच उभी राहिले, रानाच्या कडेला. मला वाटलं, हे सगळं या दोघांनी त्याच्या डोक्यात भरवलंय. घसा बसला असेल. थंडी, धूळ. माणूस महिनाभर परक्यांत राहिला की त्यांच्यासारखं बोलतो. त्याला फक्त आठवण करून द्यायला पाहिजे.

"मुकुल," मी म्हणाले, "मला हाक मार. घरी मारतोस तशी."

त्यानं मान हलवली.

"एकदा. मी इतक्या लांब आलेय."

अंबूबाई म्हणाली, "नगं गं बाई."

"मार म्हणते ना."

त्यानं हात खाली घेतला. माझं नाव घ्यायला तोंड उघडलं. त्यानं माझंच नाव घेतलं, एवढं मला नक्की माहीत आहे. पण जे आलं ते कागदावर येत नाही. त्यासाठी ही जागा सोडते.




लोकर. गरम, तेलकट, दोन्ही बाजूंनी मांड्यांना घासणारी. खुरांचा आवाज. खाली माती, मातीत माझे पाय, अनवाणी. चप्पल कुठं सुटली माहीत नाही. मान खाली होती. कुठं चाललो हा प्रश्न नव्हता. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि तेव्हा मला ते बरं वाटणंसुद्धा कळत नव्हतं. ते नंतर कळलं. माझ्या कपाळाला घोंगडं लागलं तेव्हा मी थांबले. सगळीच थांबली.

वर बघितलं तर मुकुल. त्याच्या डोळ्यांत मी जे बघितलं ते प्रेमच होतं, त्यात शंका नाही. पण शेजारच्या मेंढीकडंही तो तसाच बघत होता.

मग त्याला कळलं, आणि चेहरा पार उतरला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"मी तुझ्याकडं आले का?" मी विचारलं. "की नुसती आले?"

त्यानं हात काढले नाहीत. उत्तर द्यायला तोंड उघडावं लागलं असतं.

त्याला हवं असतं तर मी तिथंच राहिले असते. त्यानं नुसतं नाव घ्यायचं होतं. पाहिजे तेव्हा, पाहिजे तिथं. मला माझं घर, बूथ, काही आठवलं नसतं, आणि वाईटही वाटलं नसतं. हे त्यालाही दिसत होतं. त्यानं घोंगड्याच्या टोकानं माझ्या पायांवरची माती पुसली. मग माझे खांदे धरून मला स्टेशनकडं वळवलं आणि हळूच ढकललं.

बिराप्पा माझी चप्पल घेऊन मागून धावत आला. पावलं म्हाताऱ्याची.

"वळून बघू नगा ताई," तो म्हणाला. "त्येला अवघड जाईल."

मी वळले नाही. ज्वारीच्या कडेनं चालत राहिले, पाठ ताठ ठेवून. मानेवरचे केस उभे होते. हाक येऊ नये असं वाटत होतं. ते अर्धंच खरं आहे.

परतीची पॅसेंजर वेळेवर आली. डबा रिकामा होता. मी खिडकीपाशी बसले आणि गाडी सुटून ज्वारीची रानं पार मागं जाईपर्यंत खिडकीची सळई दोन्ही हातांनी धरून ठेवली. तो हाक मारणार नाही, हे मला माहीत होतं. तरी धरून ठेवली.