तीन बोटांचं वाचन

अकराला बेटावरून हवेच्या दाबाचा आकडा आला आणि संगणकाने तो लगेच लाल केला. नऊशे पंचाण्णव. लाल म्हणजे शंकास्पद, नकाशावर घेऊ नये. समोरच्या किनाऱ्यावरचं केंद्र एक हजार आठ सांगत होतं, उपग्रहाच्या चित्रात ढगांचा एक सैलसर पुंजका तेवढा होता आणि खिडकीबाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

हवामान कचेरीत तिला सगळे नकाशेवाली म्हणत. संगणकाने आयता नकाशा दिला तरी ही बाई दाबाच्या रेघा पेन्सिलीने स्वतः पुन्हा काढायची. एरवी तिनेही लाल आकडा मुकाट्याने सोडून दिला असता. पण बेटावरची वाचनं पाठवणारा माणूस तिचा बाप होता, आणि बापाचा आकडा तीस वर्षांत एकदाही लाल झाला नव्हता.

खरी पंचाईत वेगळीच होती. बाराच्या बोटीने वडील इकडे यायचे होते, डोळे तपासायला. ही तिसरी तारीख. पहिल्या वेळी त्यांची कंबर धरली, दुसऱ्या वेळी घराचं कुलूप बिघडलं. डोळ्यांचा विषय काढला की हे गृहस्थ अंगावर पाल पडल्यासारखे झटकून टाकत.

साहेब चहाचा कप घेऊन तिच्या मागे येऊन उभे राहिले. "या खेपेला थेट वादळच मागवलं की वडिलांनी! बोट बंद, तपासणी बंद."

तीही हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. बोटीला एकशेचाळीस माणसं होती आणि दोन तासांच्या वाटेत कुठे आडोसा नव्हता. आजच्या पाळीची सही तिची. इशारा दिला नाही आणि वादळ आलं तर? आणि दिला नि नाही आलं, तर पुढच्या खऱ्या इशाऱ्याला कुत्रंही विचारणार नव्हतं.

लाल आकडा फोनवरून पडताळून घ्यायचा नियम होता. तिने स्पीकर सुरू केला.

"बाबा, अकराचं वाचन पुन्हा सांगा."

"नऊशे पंचाण्णव."

"किनाऱ्यावर हजार आठ आहे."

"मग किनाऱ्याला विचार."

"खरं सांगा, तुम्हाला आज यायचं नाहीये ना?"

"नाही यायचं."

साहेबांनी भुवया उंचावल्या.

"पण आकडा खरा आहे," वडील म्हणाले.

"काटा नीट दिसला तुम्हाला?"

"शेजारी कोण आहे तुझ्या?"

"साहेब आहेत. आणि बोलणं रेकॉर्ड होतंय, बाबा." हे तिने मुद्दाम सांगितलं. खोटं असेल तर म्हातारा इथेच माघार घेईल, असा तिचा हिशेब होता.

"मग साहेबांनाही ऐकू दे. काटा मला दिसत नाही. चार महिने झाले."

"मग रोजचे आकडे?"

"तू सकाळी रेडिओवर अंदाज सांगतेस ना, त्यावरून बेतायचो. एखादा कमी, एखादा जास्त. तुझा अंदाज बरोबर यायचा, मग माझंही निभावून जायचं."

आपला अंदाज बेटाशी तंतोतंत जुळतो म्हणून चार महिने ती कचेरीत मिरवत होती. जुळणार नाही तर काय! स्वतःचीच उत्तरपत्रिका स्वतःच तपासत होती ती. बापाचा राग आला आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"आणि आजचा?"

"पहाटेपासून लाटा वेगळ्या येतायत. वारा नाही, पण लाट लांबलचक, थांबून थांबून. म्हणून दाबाचा आलेख काढणाऱ्या यंत्रावर हात ठेवला. ड्रमच्या खालच्या काठापासून टाकाच्या टोकापर्यंत माझी चार बोटं मावतात. सहाला चार होती, म्हणजे हजार दहा. आता तीनच मावली. एका बोटाचे पंधरा धर. पोरी, मी रचला असता तर तुझ्या अंदाजासारखाच रचला असता."

तिने सहीसाठी कागद ओढला. साहेबांनी कप टेबलावर ठेवला. "चार महिने खोटे आकडे देणाऱ्या माणसाच्या बोटांवर बोट थांबवणार तुम्ही?"

"नोकरी घालवून कोण खोटं बोलतं, साहेब?"

अकरा चाळीसला इशारा गेला. बारा वाजले. साडेबारा वाजले. ऊन तसंच. बेटाच्या बंदरावरून तीनदा फोन आला, तिसऱ्यांदा तर कप्तान म्हणाला, "बाई, जेटीवर माणसं तुमच्या नावाने खडे फोडतायत." ती दर दोन मिनिटांनी किनाऱ्याचा आकडा बघत होती आणि साहेब तिच्याकडे बघत होते.

एक वाजून पाच मिनिटांनी किनाऱ्याचा दाब चारने उतरला. सव्वाला खिडकीची तावदानं थरथरली. दीडला, म्हणजे बोट अजून भर समुद्रात असती त्या वेळी, बाहेरचं काही दिसेनासं झालं आणि बेटाचा फोन मेला.

ती फोन लावत राहिली. आपण बोट थांबवली आणि बापाला त्याच बेटावर ठेवलं, एवढं एकच डोक्यात घुमत होतं. तिने दोनदा चुकीचा नंबर फिरवला, तेव्हा साहेबांनी तिच्याकडून फोन घेतला आणि पुढचा तासभर स्वतः लावत बसले.

फोन लागला तो पाच वाजता.

"पत्रे गेले," वडील म्हणाले. "बोटीची माणसं सगळी इथे शाळेत आहेत. कप्तानाने दोनदा मोजली." मग खाकरून म्हणाले, "पाचचं वाचन तयार आहे. पण माझं आता चालत नसेल."

तिने साहेबांकडे पाहिलं. रेकॉर्ड झालेलं बोलणं वर पाठवावं लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. साहेबांनी नकाशा तिच्यापुढे सरकवला. "घ्या."

तिने पेन्सिल उचलली. "बाबा, किती बोटं?"

"साडेतीन," वडील म्हणाले. "चढतोय. उद्या बोट सोडशील ना? मला यायचंय."