लाल खूण

दुपारी सव्वाबारा वाजता आकांक्षाच्या पडद्यावर एक वाक्य आपोआप भरून आलं : ‘औषध पोटात गेल्यास रुग्णाला उलटी करवावी.’ शेजारी हिरवी खूण. शंभर टक्के जुळणी.

तिने माउसवरचा हात काढून घेतला. डावीकडचं मूळ इंग्रजी वाक्य पुन्हा वाचलं. त्यात उलटी करवू नये, असं होतं.

कपाशीवरच्या कीटकनाशकाचं ते माहितीपत्रक होतं. अमरावतीच्या या अनुवाद कार्यालयात केलेलं प्रत्येक वाक्य मेमरीत साठायचं आणि पुन्हा आलं की तिथूनच भरलं जायचं. हिरवं वाक्य वाचत बसायचं नाही, हा नियम. जुनं सॉफ्टवेअर बंद होणार म्हणून सोमवारी आकांक्षानेच सगळी मेमरी नव्यात हलवली होती.

तिने अकोल्याला संघपालदादांना फोन लावला. तपासणीचं काम ते तिथून, घरूनच करत.

“दादा, उलटीचं वाक्य उलटंच येऊन राहिलं.”

“ते चुकीचंच हाय. मीच ठेवलं. नव्या पोरांनी चूक पाहावी म्हणून. ‘वापरू नये’ अशी लाल खूण हाय ना त्याले?”

“इथं लाल काहीच नाही. सगळं हिरवं हाय.”

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

“खुणा नाही आल्या मंग. काहून नाही पाह्यलं तू?”

“वाक्यं मोजली न दादा. बरोबर भरली.” तिने शोधाची चौकट उघडली. “अशी किती ठेवली तुमी?”

“मोजली कुठं बाई? मशीन ध्यानात ठेवते म्हणून तं तिच्यात टाकली. सोमवारपासून काय काय गेलं बाहेर?”

एकच पत्रक गेलं होतं, मंगळवारी. त्याच औषधाच्या नमुना बाटल्यांचं. तिने ते उघडलं. वाक्य तेच होतं.

आकांक्षाने फोन करताच कंपनीने छपाई थांबवली. पण छापलेल्या पत्रकांसह बाटल्यांचा एक खोका कालच अकोटच्या कृषी केंद्रात पोचला होता, आणि तिथे कोणी फोन उचलत नव्हतं.

“मी निघतो,” संघपालदादा म्हणाले. “एसटी भेटली तं एसटीनं.”

आकांक्षाने मेमरीत ‘विष’ हा शब्द शोधला. वाक्यं येत गेली. हातमोजे, डोळे, लहान मुलं. ती एकेक मूळ इंग्रजीशी ताडून पाहू लागली. जेवणाचा डबा तसाच झाकलेला राहिला.

साडेतीनला फोन वाजला.

“अकोटले पोचलो. खोका फोडला हाय केंद्रवाल्यानं.”

“किती गेल्या?”

“एकच. सकाळी. हिवरखेडचा माणूस होता म्हणते.”

“पावतीवर नाव असन ना?”

“फुकट नमुन्याची कायची पावती?”

मागे एसटीचा हॉर्न वाजला. तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“फवारणी कधी करतो, काई बोलला का तो?”

“आजच, म्हणे.”